उन्हाळी भाज्या: वाफ्यापासून कढईपर्यंत

भेंडीचं फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत मिटतं आणि तिथून पुढे ४ ते ६ दिवसांत शेंग तोडायला येते. त्यापुढे दोनच दिवस ती झाडावर राहिली तर निबर होते आणि मग कितीही शिजवली तरी दातांत चोथाच उरतो. विकत आणलेल्या भाजीत हे दोन दिवस कुठे गेले ते आपल्याला कधीच कळत नाही. घरच्या बागेत ते आपल्या हातात असतात. घरी भाजी लावायची ती मुख्यतः यासाठी, असं माझं ठाम मत आहे. भाजी कधी तोडायची हे स्वयंपाक करणाऱ्यानं ठरवायचं. म्हणून या लेखात लागवड आणि स्वयंपाक वेगळे काढलेले नाहीत. आपल्याला काय शिजवायचं आहे तिथपासून सुरुवात करू.

आधी यादी, मग बी

घरात आठवड्याला कोणती भाजी किती लागते ते पाहा आणि त्यातल्या उष्णता मानवणाऱ्या भाज्या निवडा. भेंडी, वांगी, मिरची, चवळी, काकडी, दुधी, दोडका, झुकिनी यांना ऊब लागतेच. टोमॅटोलाही लागते, पण एका मर्यादेपर्यंत. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. पालेभाज्यांत मात्र नीट विचार करा. पालक आणि कोथिंबीर उन्हाचा कडाका वाढला की पानं सोडून फुलावर जातात, पानं बारीक होतात आणि चव उतरते. त्या जागी माठ आणि मायाळू लावा. दोन्ही उष्णतेत जोमानं वाढतात आणि वरून खुडत राहिलं की पुन्हा फुटतात.

पहिल्याच वर्षी दहा प्रकार लावू नका. भेंडी, मिरची, काकडी आणि एखादी पालेभाजी एवढ्यावर हात बसू द्या. भेंडीची दोन-तीन झाडं लावून मात्र काही साधत नाही. एका वेळच्या भाजीला पुरेल एवढ्या कोवळ्या शेंगा एकाच दिवशी हव्या असतील तर चार माणसांच्या घराला १० ते १२ झाडं लागतात. मिरचीचं उलट आहे, दोन-तीन झाडं घरभर पुरतात. काकडीचे दोन वेल पुरेसे.

जागा आणि माती

फळभाज्यांना रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं, ८ तास मिळालं तर उत्तम. सकाळचं ऊन भरपूर आणि दुपारी तीननंतर थोडी सावली अशी जागा उन्हाळ्यात सगळ्यांत चांगली. तशी नसेल तर कडक उन्हाच्या आठवड्यांत ३० ते ४० टक्के सावली देणारी जाळी वर बांधा. त्याहून दाट जाळीखाली झाडं उंच, लुकडी होतात आणि फुलं कमी येतात.

वाफ्यात लावणार असाल तर माती वीतभर खोल भुसभुशीत करून वर ५ ते ७ सेंटीमीटर जाडीचा चांगला कुजलेल्या कंपोस्टचा थर मिसळा. कच्चं शेणखत घालू नका, ते कुजताना उष्णता सोडतं आणि मुळं भाजतात. कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण चालतं. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पण त्यात पोषण जवळजवळ नसतं. म्हणून कंपोस्टमध्ये काटकसर करू नये.

कुंडीच्या आकारात तर अजिबात तडजोड नको. टोमॅटो, वांगी आणि काकडीला प्रत्येक झाडामागे १५ ते २० लिटरची कुंडी हवी, मिरचीला १० लिटर पुरते. भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून तिला रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची, निदान ३० सेंटीमीटर. लहान कुंडीत झाड जगतं, पण दुपारपर्यंत पाणी संपतं आणि फळ धरायच्या वेळी नेमका ताण पडतो. काळ्या कुंड्या उन्हात फार तापतात. त्यांना बाहेरून फिकट कापड गुंडाळा किंवा पुढच्या रांगेत पसरट पालेभाजी ठेवून त्यांच्यावर सावली पाडा. तापलेल्या सिमेंटवर कुंडी थेट न ठेवता विटांवर ठेवली तर मुळांना बराच आराम मिळतो.

पेरणी

भेंडी, चवळी, काकडी, दुधी, दोडका हे थेट जागेवर पेरा. यांच्या मुळांना हलवलेलं आवडत नाही. भेंडीचं बी कठीण कवचाचं असतं, रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी साधारण २ सेंटीमीटर खोल पेरा. माती गार असेल तर ते रुजत नाही, कुजतं. २५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेली माती त्याला हवी. दोन झाडांत ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा. एका खड्ड्यात दोन बिया टाकून दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप कात्रीनं कापा. उपटू नका, उपटताना शेजारच्या रोपाची मुळं दुखावतात.

टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची आधी रोपं करायची. टोमॅटोचं रोप ४ ते ६ आठवड्यांत लावण्याजोगं होतं, मिरची आणि वांगं त्याहून थोडा जास्त वेळ घेतात. रोप हलवण्याआधी आठवडाभर त्याला रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवा आणि लावणी संध्याकाळीच करा. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोडाच्या निम्म्यापर्यंत मातीत गाडलं तर गाडलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. वांगी-मिरचीला हे लागू नाही, ती रोपं होती तेवढ्याच खोलीवर लावा.

आणखी एक पथ्य. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली पिकं. एकामागून एक त्याच जागी लावली की त्यांचे मातीतले रोग साठत जातात. तिथे पुढच्या खेपेला चवळी किंवा पालेभाजी घ्या. चवळीच्या मुळांवरच्या गाठींमधले जीवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात, त्याचाही जमिनीला फायदा होतो.

पाणी

उन्हाळी बागेतल्या बहुतेक तक्रारी पाण्याशी येऊन थांबतात. पाणी कमी पडतं यापेक्षा ते अनियमित मिळतं हे मोठं कारण असतं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी चिंब, असं झालं की टोमॅटो तडकतात, काकडी कडू होते, मिरचीची फुलं गळतात. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही म्हणून तो पडतो, आणि ते पाण्याबरोबरच झाडात वर चढत असल्यानं पाण्याचा खंड हेच बहुधा त्याचं मूळ असतं. मातीत चुना किंवा अंड्याची टरफलं घालण्याआधी पाण्याची वेळ सुधारा.

पाणी सकाळी लवकर द्या. वरवर रोज शिंपडण्यापेक्षा मुळांपर्यंत मुरेल असं द्या. बोट मातीत ५ सेंटीमीटर खुपसून पाहा. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून पाणी निथळेपर्यंत घाला. भर उन्हाळ्यात कुंड्यांना दोन वेळा पाणी लागू शकतं, वाफ्याला एक-दोन दिवसांआड पुरतं. पानांवर पाणी मारत बसू नका, बुडाशी द्या.

दुपारी काकडीची आणि भोपळ्याच्या कुळातल्या वेलांची पानं मान टाकतात. ते पाहून लगेच पाण्याकडे धाव घेऊ नका. मोठ्या पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या शोषणापेक्षा जास्त झाला की असं होतं, संध्याकाळी पानं आपोआप सावरतात. सकाळीही ती मलूल दिसली तर मात्र झाड खरोखर तहानलेलं आहे किंवा मुळांना काही झालं आहे.

आच्छादन हे पाण्याइतकंच महत्त्वाचं. वाळलेला पालापाचोळा, गवत किंवा पेंढा यांचा ५ ते ७ सेंटीमीटरचा थर खोडापासून चार बोटं दूर ठेवून पसरा. माती गार राहते, ओल टिकते, तण कमी येतं. उन्हाळ्यात उघडी माती ठेवूच नये.

खताचं थोडक्यात: दर ३-४ आठवड्यांनी झाडाभोवती दोन मुठी कंपोस्ट पुरेसं. नत्राचा मारा केला की झाड हिरवंगार होतं आणि फुलं येत नाहीत.

फूल आहे, फळ का नाही?

काकडी, दुधी, दोडका, झुकिनी यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. सुरुवातीला बहुधा नरफुलंच येतात आणि गळून पडतात. त्यात काळजीचं काही नाही. मादी फूल ओळखायला सोपं आहे, पाकळ्यांच्या मागे इवलंसं फळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल तर पराग पोहोचत नाहीत. मग ते काम आपण करायचं: ताजं उमललेलं नरफूल तोडून पाकळ्या मागे सारा आणि त्याचा पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. काकडी आणि झुकिनीसाठी हे सकाळीच उरका, दुपारपर्यंत फुलं मिटू लागतात. दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी उमलतं, त्यामुळे त्याचं परागीभवन तेव्हा करा.

टोमॅटो, वांगी, मिरचीच्या फुलात दोन्ही भाग एकत्र असतात. फुलाच्या घोसाला सकाळी बोटानं हलकी टिचकी मारली तरी पराग सुटतात. पण दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रही गार झाली नाही तर टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि फुलं गळतात. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही. सावली द्या, पाणी नियमित ठेवा आणि उष्णता उतरण्याची वाट पाहा, झाड पुन्हा फळ धरतं. या दिवसांत टोमॅटोची पानंही फार छाटू नका, उघडं पडलेलं फळ उन्हानं भाजून पांढरट होतं.

कीड

रोज सकाळी पानं उलटून पाहण्याची सवय ही सगळ्यांत चांगली फवारणी. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेनं धुवून काढा. पुन्हा आला तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. कपड्यांची पावडर वापरू नका आणि फवारणी कायम संध्याकाळी करा, आधी एका पानावर करून एक दिवस थांबा. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी येतो: पानांवर बारीक पिवळे ठिपके, खाली सूक्ष्म जाळं. त्यावरही पानांच्या खालून पाणी मारणं हाच पहिला उपाय.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक होऊ लागल्या तर तो विषाणू आहे आणि तो पांढऱ्या माशीतून पसरतो. झाड बरं होत नाही. जीव कितीही गुंतला असला तरी ते उपटून टाका, शेजारची झाडं वाचतील. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा खालपर्यंत कापून नष्ट करा. दुधी-दोडक्याच्या कोवळ्या फळांना फळमाशी डंख मारते, त्यांच्यावर कागदी पिशवी चढवली की फवारणीची गरजच उरत नाही.

तोडणी

भेंडी ७ ते १० सेंटीमीटरची असताना तोडा. खूण सोपी आहे: टोक वाकवलं की कटकन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर ती जून झाली. झाडाला फळं लागल्यावर दिवसाआड फेरी हवीच. निबर शेंग झाडावर राहिली तर झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी होतात. म्हणून खाण्यासारखी नसली तरी ती काढून टाका. काकडी, झुकिनी आणि चवळीलाही हाच नियम. चवळीच्या शेंगेत दाण्यांचे फुगवटे दिसू लागण्याआधी ती तोडावी. झुकिनी १५ ते २० सेंटीमीटरलाच काढा, एक दिवस दुर्लक्ष केलं की ती बेसुमार वाढते आणि आत नुसतं पाणी आणि बिया.

वांग्याची साल चकचकीत असतानाच ते तोडायचं. अंगठ्यानं हलकं दाबा. खळगा पडून हळूहळू भरून आला तर ते तयार आहे. साल निस्तेज झाली की आत बिया तपकिरी आणि कडवट झालेल्या असतात. देठ ओढू नका, कात्रीनं कापा.

टोमॅटोबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. तो झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयारच होत नाही, त्यामुळे कडक उन्हात फळं केशरी-पिवळट राहतात. बुडाशी पहिली गुलाबी छटा आली की तोडा आणि घरात, उन्हाबाहेर, २० ते २५ अंशांच्या आसपास पिकू द्या. रंग चांगला येतो, चवीत तोटा होत नाही आणि पक्षीही हात मारत नाहीत. पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत त्याचा सुगंध मरतो. वांगी, भेंडी आणि काकडीलाही १० अंशांखालची थंडी सोसत नाही. तोडली की एक-दोन दिवसांत वापरावी.

आणि एक गोष्ट अगदी गांभीर्यानं. दुधी, दोडका, काकडी, झुकिनी यांत कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असू शकतं, ताण पडलेल्या झाडात ते वाढतं. काकडीत ते बहुधा देठाकडे आणि सालीखाली असतं, तेवढा भाग काढून उरलेली चाखून घेता येते. पण दुधी, दोडका किंवा झुकिनी कडू लागली तर संपूर्ण फळ टाकून द्या. शिजवून ते द्रव्य जात नाही आणि त्यानं गंभीर विषबाधा होऊ शकते. चिरल्यावर कच्चा बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहायचा, कडू लागला तर थुंकायचा. यात अपवाद नको, आणि या फळांचा कच्चा रस तर न चाखता कधीच पिऊ नये.

कढईत

ताज्या, कोवळ्या भाजीला मसाला कमी आणि आच जास्त लागते. शिजायला लागणारा वेळही विकतच्या भाजीपेक्षा कमी, म्हणून नेहमीच्या अंदाजापेक्षा लवकर चाखायला सुरुवात करा.

भेंडीचा चिकटपणा हा पाण्यात सुटणारा द्रव आहे. जितकं पाणी, जितके बारीक तुकडे, तितकी ती बुळबुळीत. धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा, मग दोन बोटं लांबीचे तुकडे करा किंवा कोवळी असेल तर अख्खीच ठेवा. पसरट कढई चांगली तापवा, तेल घाला आणि भेंडी एका थरात पसरा. दोन-तीन मिनिटं हलवू नका, खालून डाग पडू द्या. झाकण नाही. मीठ शेवटी, कारण मीठ पाणी ओढतं. उतरवताना लिंबू पिळलं की उरलासुरला चिकटपणाही कमी होतो.

वांगं कच्चं असताना आतून पोकळ्यांनी भरलेलं असतं, म्हणून कढईतलं तेल क्षणात पिऊन टाकतं. आधी फोडींना मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि पिळून घ्या, किंवा पाच मिनिटं वाफवा. पोकळ्या बसल्या की तेल निम्म्यावर येतं. माझ्या मते वांग्याचा खरा मान मात्र थेट आचेवर आहे. दोन-चार ठिकाणी टोचे मारून अख्खं वांगं फिरवत फिरवत साल काळी आणि आतून पूर्ण लोळागोळा होईपर्यंत भाजा. दहा मिनिटं झाकून ठेवा, साल काढा, गर चाळणीत निथळू द्या. मग मीठ, कच्चा लसूण, लिंबू, थोडं तेल. यापुढे फार काही घालावंसं वाटत नाही.

दुधी, दोडका, झुकिनी यांच्यापुढे दोनच वाटा आहेत आणि मधली वाट फसते. एक: पाण्याचा थेंबही न घालता मीठ आधीच टाकून झाकणाखाली मंद आचेवर त्यांच्याच रसात शिजवणं. दोन: जाड चकत्या, मोठी आच, उघडी कढई आणि दोन्ही बाजूंनी खरपूस रंग. मध्यम आचेवर भरगच्च कढईत मात्र त्या ना परतल्या जातात, ना वाफवल्या जातात.

टोमॅटो आटवायचा असेल तर रुंद भांडं घ्या. साल नको असेल तर बुडाला फुलीची चीर देऊन अर्धा ते एक मिनिट उकळत्या पाण्यात ठेवा आणि लगेच गार पाण्यात टाका, साल हातानं निघते. बियांभोवतीचा जेलीसारखा भाग फेकू नका, टोमॅटोची गडद, रसदार चव त्यातच जास्त असते. तेलात लसूण परतून टोमॅटो घाला आणि पाणी आटून तेल कडेला दिसेपर्यंत शिजवा. तेलाबरोबर शिजवल्यानं त्यातलं लाल रंगद्रव्य, लायकोपीन, शरीराला अधिक सहज मिळतं.

काकडी कच्चीच खावी. दह्यात घालणार असाल तर चिरून मीठ लावून १५ मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टाका आणि मग दही मिसळा, म्हणजे ते पातळ होणार नाही. मिरचीचा तिखटपणा बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो. सौम्य हवी तर त्या खरवडून काढा. तिखटपणाचं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेव्हा हातांना आधी तेल चोळा आणि नंतर साबणानं धुवा.

माठ आणि मायाळू शेवटच्या क्षणी, मोठ्या आचेवर, पानं मान टाकेपर्यंतच.

जास्त झालं तर

भरात आलेली बाग एका वेळी खाऊन संपत नाही. टोमॅटो सर्वांत सोपे: धुऊन, पुसून अख्खेच फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढून कोमट पाण्याखाली धरले की साल सुटते. कच्चे खायला ते निरुपयोगी, पण आटवायला उत्तम. चवळीच्या शेंगा आणि भेंडी फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी २-३ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात गार करा, नाहीतर रंग आणि चव दोन्ही उतरतात. पुसून ताटात सुट्या पसरून गोठवा, मग डब्यात भरा, म्हणजे गोळा होत नाही. मिरच्या पूर्ण लाल होऊ देऊन कडकडीत वाळवा, वाकवल्यावर मोडल्या पाहिजेत. ताज्या मिरच्या किंवा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. असं तेल लागेल तेवढंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.